घर एक की दोन?

चार वर्षांपूर्वी एका अक्षराखाली मी उकार दिला नाही आणि त्यामुळे उल्हासनगरातल्या एका कुटुंबात दोन महिने बोलाचाली बंद राहिली. विसरलो असे म्हणता येणार नाही. तिथे उकार असतो हेच मला ठाऊक नव्हते. त्या उकाराचा माग काढताना जे हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे. भाषाशास्त्राचे माझे शिक्षण झालेले नाही. बदलापूरहून रोज गाडीने येऊन उल्हासनगरातल्या एका छापखान्यात मी तीस वर्षे काम केले. आधी खिळे जुळवले, मग संगणकावर अक्षरे जुळवली. वाचन सगळे गाडीत आणि ग्रंथालयात झाले.

छापखान्यात सिंधी लग्नपत्रिका पुष्कळ येत. अरबी वळणाच्या लिपीतला तो मजकूर एक म्हातारे कातिब बोरूने लिहून देत आणि आम्ही त्याची प्लेट करत असू. त्यांच्याजवळ बसून मी ती अक्षरे शिकलो. भाषा कानावरून थोडी आली. एवढ्या भांडवलावर कॅम्पातले लोक मला ‘आपली लिपी येणारा मराठी भाऊ’ म्हणू लागले आणि जुन्या कागदांच्या देवनागरी नकला करून घ्यायला येऊ लागले. नातवंडांना ती लिपी येत नाही, हे त्याचे कारण.

असाच एक कागद आला. इंदूरला लेकीकडे राहायला गेलेल्या वडिलांनी उल्हासनगरातल्या थोरल्या मुलाला लिहिलेले ते आंतरदेशीय पत्र होते. त्यात एक ओळ अशी: ‘नंढे खे घर डिजो’. म्हणजे धाकट्याला घर द्या. कुटुंबाकडे दोन खोल्या होत्या. एक लष्करी बराकीतली, फाळणीनंतर निर्वासित म्हणून मिळालेली, सनद वडिलांच्या नावची. दुसरी पुढे विकत घेतलेली. आता बराकीच्या जागी इमारत उठायची होती आणि कोणाचा हक्क किती याची बोलणी चालली होती. मी नक्कल करून दिली, ‘घर’ असे लिहिले, चहा घेतला आणि गाडी पकडली.

माझ्या नकलेतले ते ‘घर’ धाकट्या घरातल्या एका सुनेने वाचले. तिचे सिंधी देवनागरीतून झालेले. ती म्हणाली, “हे तर अनेकवचन आहे. दोन्ही घरे धाकट्याला द्या, असे आहे.”

आणि तिचे बरोबर होते. मी लिहिले होते ते अनेकवचनच होते.

इथे सिंधीची एक गोष्ट सांगायला हवी. मराठीत, हिंदीत शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर कधीच झिजून गेला. सिंधीने तो जपून ठेवला आहे आणि त्याच्यावर व्याकरणाचे ओझे टाकले आहे. ‘घरु’ म्हणजे एक घर. ‘घर’, शेवटचा अकार स्पष्ट उच्चारून, म्हणजे अनेक घरे. देवनागरीत काटेकोर सिंधी लिहिणारा हा फरक दाखवतो. पण अरबी वळणाच्या लिपीत ऱ्हस्व स्वर अक्षरात येत नाहीत, ते वर-खाली खुणांनी दाखवायचे असतात. ज़बर, ज़ेर, पेश या त्या खुणा. रोजच्या लिहिण्यात त्या कोणी देत नाही. पत्रात तर नाहीच. तेव्हा कागदावर दिसतो तो नुसता ‘घ’ आणि ‘र’. घरु की घर, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

बहुतेक वेळा क्रियापद ते ठरवून देते. घर ‘ठहियो’ असे असले तर एक बांधले गेले, ‘ठहिया’ असले तर अनेक. शेवटचे ओ आणि आ दीर्घ असल्यामुळे ते अक्षरात दिसतात. पण ‘हू घर वठे थो’, म्हणजे तो घर घेतो, इथे क्रियापद घेणाऱ्याच्या मागे चालते, घरांच्या नाही. आणि ‘डिजो’ ही तर आज्ञा. द्या. एक द्या की दोन, आज्ञेला पत्ता नाही.

मराठी वाचकाने याला हसू नये. ‘तो दगड उचलतो’ यात दगड किती आहेत? ‘उचलला’ म्हटले तर एक, ‘उचलले’ म्हटले तर अनेक, ‘उचलतो’ म्हटले की काहीच कळत नाही. दगड, कागद, शब्द, सगळ्या अकारान्त पुल्लिंगी नामांची हीच तऱ्हा. आपली याहून नाजूक जागा सामान्यरूपात आहे. ‘वारलेला काकांचा मुलगा’ यात मुलगा गेला. ‘वारलेल्या काकांचा मुलगा’ यात काका गेले. विशेषणाचा शेवट चोख सांगतो. पण नुसता ‘ला’ जोडा: ‘वारलेल्या काकांच्या मुलाला’. आता कोण वारले? प्रत्यय लागताच ‘वारलेला’चेही ‘वारलेल्या’ झाले आणि फरक पुसला गेला. मृत्युपत्रांत, वारसांच्या याद्यांत, जमिनीच्या कागदांत अशी रूपे ओळीओळीला असतात. मी स्वतः अशी कित्येक वाक्ये जुळवली आहेत आणि एकदाही थबकलो नाही.

न थबकणे हाच खरा प्रश्न आहे, असे मला आता वाटते. वाक्याला दोन अर्थ असतात तेव्हा वाचक दोन्ही समोर मांडून तोलून एक निवडतो, अशी आपली समजूत असते. शाळेत अन्वय लावताना तसे करतही असू. पण रोजच्या वाचनात तसे होत नाही. त्याला दुसरा अर्थ दिसतच नाही. वाचताना डोळा कुठे अडतो, कुठे मागे फिरतो, हे यंत्राने मोजायचे प्रयोग परदेशात गेल्या पन्नासेक वर्षांत पुष्कळ झाले. त्यांतून दिसते ते हेच, की वाचक वाक्य संपायची वाट पाहत नाही, शब्द येईल तसा जोडत जातो आणि पुढे खटकले तरच मागे येतो. १९८८ साली इंग्रजी आणि स्पॅनिश वाचकांची तुलना प्रसिद्ध झाली. नटीची मोलकरीण सज्जात उभी, अशा धर्तीच्या वाक्यात सज्जात कोण, नटी की मोलकरीण, हे दोन्हीकडे संदिग्ध होते. इंग्रजी वाचकांचा कल नटीकडे, तर स्पॅनिश वाचकांचा मोलकरणीकडे निघाला. दोघांनाही आपला अर्थ स्वाभाविक वाटत होता. नुसते व्याकरण येणे पुरत नाही, वाचायच्या सवयीसुद्धा आपण कुठून तरी घेऊन येतो.

आमच्या पत्राचेही तेच झाले. सुनेने माझी नक्कल वाचली होती, मूळ पत्र नव्हे. म्हणून आम्ही मूळ पत्र घेऊन कॅम्पातल्या एका निवृत्त सिंधी शिक्षकांकडे गेलो. वय नव्वदीजवळ. त्यांनी चष्मा लावला आणि पत्र मोठ्याने वाचले. त्या ओळीवर ते अडखळले नाहीत. ‘घरु’ म्हणाले आणि पुढे गेले.

मी म्हटले, “साईं, इथे घरु कशावरून?”

ते माझ्याकडे पाहत राहिले. “मग काय असणार? मी त्याला ओळखत होतो. एका खोलीत सात माणसे राहायची. त्याच्याजवळ घरे कुठली?”

दुसरे वाचन शक्य आहे, हे पटायला त्यांना दोन-तीन मिनिटे लागली. ज्याला भाषा पूर्ण येते आणि लिहिणारा माहीत असतो, त्याला संदिग्धता दिसत नाही. ती अर्धवट येणाऱ्याला दिसते. आणि माझ्यासारख्या त्याहून कमी येणाऱ्याला तर ती दिसतही नाही, पण लेखणी त्याच्याच हातात असते.

या लिपीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. इंग्रजांनी सिंध घेतल्यावर दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, बावन्न अक्षरांची अरबी वळणाची सिंधी लिपी सरकारी मान्यतेने पक्की झाली. त्याआधी आणि नंतरही सिंधी व्यापारी आपल्या वह्या हटवाणिकी लिपीत लिहीत. तिच्यात तर स्वरांच्या मात्राच नसत. अशा महाजनी लिप्यांवर उत्तर हिंदुस्थानात एक जुना विनोद आहे: बाबूजी अजमेरला गेले, मोठी वही पाठवा, असे पत्र आले. घरच्यांनी ते ‘बाबूजी आज मर गये, बडी बहू को भेज दो’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली. विनोद चांगला आहे, पण दुकानात असे सहसा होत नसणार. वहीत काय लिहिलेले असणार हे मुनिमाला आधीच माहीत असते. आपल्या मोडीचेही तेच. इकार एक, उकार एक, शब्द तोडायची पद्धत नाही, विरामचिन्ह नाही. तरी कारकून ती धाड्‌धाड्‌ वाचत. (इथे कोणीतरी ‘ध’चा ‘मा’ काढणार, हे मला माहीत आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाची ती आख्यायिका खोडाखोडीची आहे, संदिग्धतेची नव्हे. तिथे वाचणाऱ्याची काही चूक नव्हती.)

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. पाठोपाठ लिपीचा वाद पेटला. सिंधी देवनागरीत लिहावी, म्हणजे मुलांना शिकायला सोपे आणि स्वरही सगळे दिसतात, असे एक बाजू म्हणे. आपले सगळे साहित्य जुन्या लिपीत आहे, ती सोडली तर आजोबांचे हस्ताक्षर परके होईल, असे दुसरी बाजू म्हणे. सरकारने शेवटी दोन्ही लिप्या चालू दिल्या. १० एप्रिल १९६७ पासून सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तीही लिपीचा निकाल न लागताच. मी मराठी माणूस, या वादात बोलायचा मला अधिकार नाही. पण दोन्ही बाजू खऱ्या होत्या एवढे या एका पत्राने मला दाखवले. देवनागरीत स्वर दिसतो हे खरे. पण जुना कागद देवनागरीत उतरवताना, लिहिणाऱ्याने मोकळी ठेवलेली जागा नक्कल करणाऱ्याला भरावीच लागते. ‘घर’ आणि ‘घरु’ यांच्या मधले काही देवनागरीत लिहिता येत नाही.

अशी जागा भरण्याचे सगळ्यात जुने उदाहरण आमच्या भागात अंबरनाथला आहे. वालधुनीच्या काठच्या शिवमंदिरात, उत्तरेच्या दारावरच्या तुळईच्या आतल्या बाजूला एक शिलालेख आहे. १८६८ मध्ये सरकारने या मंदिराची चित्रे आणि साचे करून घेतले, त्या सुमारास विद्वानांचे लक्ष त्याच्याकडे गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि त्यातले वर्ष शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०, असे दिले. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा तपासला. भगवानलाल हे भाऊंच्याच हाताखाली वाढलेले, पुढे लायडन विद्यापीठाने ज्यांना मानद डॉक्टरेट दिली ते. (आमच्यासारख्या बिनपदवीच्या लोकांचे ते दैवत.) त्यांनी वर्ष वाचले शके ९८२, म्हणजे १०६०. सातच्या जागी नऊ. आज सगळे हेच वर्ष धरतात.

दगडावरचा अंक झिजलेला. मग नऊच कशावरून? लेख शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा आहे आणि त्यात छित्तराजाचेही नाव आहे. छित्तराज हा मुम्मुणीचा थोरला भाऊ, मधला नागार्जुन. छित्तराजाचा भांडुपला सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ चा आहे. ज्याचा थोरला भाऊ शके ९४८ मध्ये राज्य करतो, तो शके ७८२ मध्ये कसा असेल? अंक त्या ओळीत आहे, पण तो पक्का करणारा पुरावा मात्र भांडुपच्या तांब्यात.

वर्ष सुटले तरी त्या लेखात एक गाठ उरतेच आणि ती व्याकरणाची आहे. छित्तराजाचे ‘भवन’ असा त्यात उल्लेख येतो. षष्ठी विभक्ती. आपण ‘वडिलांचा फोटो’ म्हणतो तेव्हा वडील त्यात आहेत, वडिलांनी काढलेला आहे, की वडिलांच्या मालकीचा आहे, हे ‘चा’ सांगत नाही. षष्ठी फक्त संबंध आहे एवढेच सांगते. तसेच छित्तराजाचे भवन म्हणजे त्याने बांधायला घेतलेले, त्याच्यासाठी उभारलेले की त्याच्या मालकीचे? शिवाय ‘भवन’ म्हणजे देऊळ की वाडा? देऊळ छित्तराजाने सुरू केले आणि मुम्मुणीने पुरे केले, असे बरेच जण मानतात, आणि मलाही ते पटते, कारण लेख देवळातच कोरलेला आहे. पण हे आपण ‘स्य’ या प्रत्ययातून काढत नाही. समोर देऊळ उभे आहे म्हणून काढतो. १०६० साली ज्याने ते वाचले असेल त्याला प्रश्नच पडला नसेल.

कधी कधी मात्र अशी मोकळी जागा नुसती अभ्यासकांची राहत नाही. वसिष्ठांच्या धर्मसूत्रात दत्तकाविषयी एक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की नवऱ्याच्या संमतीवाचून बाईने मुलगा दत्तक देऊ नये आणि घेऊ नये. संमती, पण केव्हाची? वाक्य काळ सांगत नाही. मिथिलेच्या पंडितांनी म्हटले, दत्तक घेतेवेळची, म्हणजे नवरा जिवंत हवा, विधवेला दत्तक नाही. बंगालने म्हटले, नवऱ्याने हयातीत देऊन ठेवलेली संमती नंतरही चालेल. दक्षिणेने म्हटले, ती नसेल तर भाऊबंदांची चालेल. आणि आपल्याकडे, नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ ज्या मुलखात प्रमाण मानला गेला तिथे, म्हटले गेले की हा नियम नवरा जिवंत असलेल्या बाईपुरताच आहे. विधवेला संमतीची गरज नाही. वाक्य एकच. चारही ठिकाणचे पंडित संस्कृत उत्तम जाणणारे. १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने रामनाडच्या खटल्यात या चारही वाचनांची दखल घेतली. कोणते वाचन शुद्ध, यापेक्षा कोणत्या प्रदेशात कोणते वाचन रूढ आहे हे न्यायाधीशाने पाहावे, अशी भूमिका तिथे घेतली गेली. त्यामुळे पुण्या-ठाण्याच्या विधवेला जे करता येत होते, ते दरभंग्याच्या विधवेला येत नव्हते. हिंदू स्त्रीला दत्तकाचा स्वतःचा हक्क मिळाला तो १९५६ च्या कायद्याने. इतकी शतके किती बायकांचे आयुष्य एका ‘संमती’च्या काळावर लटकले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आमच्या पत्राकडे परत येतो. शिक्षकांच्या ‘घरु’वर धाकट्यांकडचा नातू म्हणाला, “साईं, पण दुसरी खोली नंतर घेतली होती ना? पत्र त्यानंतरचे असले तर?” प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या खोलीचा कागद १९६५ चा होता. पत्रावर तारीख होती, वर्ष नव्हते. टपालाचा शिक्का पुसट, शेवटचे दोन अंक ६१ वाचावेत की ६७, कळेना. मला अंबरनाथची तुळई आठवली. नातवाने मोबाइलच्या उजेडात शिक्का पुन्हा पुन्हा पाहिला. त्याला ६७ दिसत होते आणि थोरल्यांकडच्या पुतण्याला ६१.

उलगडा झाला तो शिक्क्याच्या शेजारी. पत्रावरच्या छापील तिकिटात ‘नये पैसे’ असे शब्द होते. १९५७ मध्ये दशमान नाणी आली तेव्हा जुन्या पैशापासून वेगळा ओळखू यावा म्हणून ‘नया पैसा’ म्हणत. १ जून १९६४ पासून ‘नया’ गेला, नुसता पैसा राहिला. कोरे पत्र तीन वर्षे घरात पडून राहिले आणि मग वापरले, असे होऊ शकते. पण इंदूरला पाहुणे म्हणून गेलेला माणूस पत्र टपालकचेरीतून विकतच घेणार. ते १९६१ चेच, असे मी म्हणालो. शिक्षकांनी मान हलवली. तेव्हा घर एकच होते. म्हणजे ‘घरु’, आणि वडिलांनी धाकट्याला दिली ती बराकीची खोली. १९६५ च्या खोलीबद्दल हे पत्र काहीच सांगत नाही.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “भाऊ, तुम्ही आधीच असे लिहिले असते तर आम्ही काकांशी बोलणे तोडले नसते.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोरल्यांकडच्या पुतण्याने विषय बदलला आणि इमारतीचा नकाशा काढला.

मी घरी येऊन नक्कल नव्याने केली. ‘घरु’ लिहिले आणि समासात टीप दिली की मूळ कागदावर हा उकार नाही, तो मी दिला आहे, या या कारणाने. तेव्हापासून प्रत्येक नकलेत, जिथे मी काही भरले आहे तिथे पेन्सिलीने खाली रेघ मारतो. लोकांना ते आवडत नाही. कागद डागाळल्यासारखा दिसतो म्हणतात.

शिक्षक गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांना दाखवायची म्हणून बाजूला ठेवलेली सात पत्रे माझ्या कपाटात आहेत. त्यातल्या एकात कोणी कोणाला पैसे द्यायचे आहेत, हे मला लागत नाही.